मुठीविना पकड : भंगुरताऱ्यांचे आकडे, गोंद आणि कुलपे

ब्राझीलमधील रिओ दि जानेरोजवळच्या समुद्रात २००० साली एका अनाहूत पाहुण्याची नोंद झाली. पाहुणा पिवळसर रंगाचा, सहा भुजांचा आणि इतका लहान होता की त्याच्या शरीराची मधली चकती जेमतेम काही मिलिमीटर भरत असे. तो मूळचा प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये त्याच्या गोतातले कोणी नव्हते. पुढे २०११ मध्ये तो कॅरिबियन बेटांजवळ दिसला आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. ‘ओफिओथेला मिराबिलिस’ असे या भंगुरताऱ्याचे शास्त्रीय नाव आहे आणि जहाजांच्या मार्फत त्याचा हा प्रवास घडला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

परक्या जीवांच्या घुसखोरीच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत; पण हा प्राणी वाचकाला कोड्यात टाकतो. त्याला पोहता येत नाही, त्याच्याकडे विष नाही, जबड्याचा धाक नाही आणि मेंदू म्हणावा असा अवयवही नाही. तरीही भरती-ओहोटीच्या ओढीत तो समुद्री पंख्यांच्या, म्हणजे पंख्यासारख्या पसरणाऱ्या प्रवाळांच्या, फांद्यांवर शेकड्यांनी ठाण मांडून बसतो. त्याचे भांडवल एकच आहे, ते म्हणजे पकड. मराठी माणसाला पकड म्हटले की घोरपड आठवते. सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढलेल्या यशवंती घोरपडीची आख्यायिका आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. समुद्रातील या घोरपडींची पकड मात्र नखे आणि स्नायूंचे बळ एवढ्यावर चालत नाही. ती कशावर चालते, आणि इतके घट्ट धरलेले सोडायचे कसे, हे या लेखात पाहू.

हा तारामासा नव्हे

भंगुरतारा हा कंटकचर्मी संघातला प्राणी आहे. ज्यांच्या कातडीत चुनखडीच्या तकटा किंवा काटे असतात त्या समुद्री प्राण्यांना कंटकचर्मी म्हणतात. तारामासा, समुद्री साळू, समुद्री काकडी आणि पिसांच्या झुबक्यासारखा दिसणारा पिच्छतारा ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत. या घराण्यातली एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही, हे त्यांचे एक मोठे वैशिष्ट्य.

तारामाशाच्या भुजा मधल्या शरीरातूनच जाड होत बाहेर निघालेल्या दिसतात. भंगुरताऱ्याचे तसे नसते. त्याची चकती वेगळी दिसते आणि तिच्यातून शेपटासारख्या बारीक, लवचिक भुजा फुटतात. शास्त्रीय नावातही ‘सापाचे शेपूट’ या अर्थाचे ग्रीक शब्द आहेत. आज त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. कोकणाच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीच्या वेळी एखादा दगड हळूच उचलला, तर त्याखालून जो अनेक पायांच्या किड्यासारखा प्राणी वळवळत अंधाराकडे पळतो, तो पुष्कळदा भंगुरताराच असतो. तारामासा सावकाश सरकतो; हा मात्र भुजांनी वल्हवल्यासारखा पळतो. आपल्याकडे लोकांना तो दिसतो, पण त्याची ओळख नसते. बहुतेक जण त्याला ‘लहान तारामासा’ म्हणून मोकळे होतात.

सायकलची साखळी आणि हत्तीची सोंड

पकडीचा विचार भुजेपासून करावा लागतो. भंगुरताऱ्याची भुजा आडवी कापली, तर मध्यभागी आपल्या पाठीच्या मणक्याची आठवण करून देणारा एक घट्ट तुकडा दिसतो. असे अनेक मणके एकामागे एक ओवलेले असतात, दोन मणक्यांमध्ये स्नायू असतात आणि बाहेरून वर, खाली व दोन्ही बाजूंना चुनखडीच्या तकटांचे चिलखत असते. बाजूच्या तकटांवर काट्यांच्या रांगा असतात. हे काटे पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत.

दोन मणके एकमेकांना कसे भिडतात, यावर भुजा कुठे वळेल हे बरेचसे ठरते. बहुतेक भंगुरताऱ्यांच्या मणक्यांना उंचवटे आणि खाचा असतात. ते एकमेकांत बसले की भुजा डावीकडे-उजवीकडे सहज वळते, परंतु वर-खाली फारशी गुंडाळता येत नाही आणि पिळवटतही नाही. सायकलची साखळी एकाच पातळीत वाकते, तसाच हा प्रकार. दुसऱ्या एका गटात, ज्यात सर्पतारे आणि टोपलीतारे येतात, मणक्यांची टोके खोगिरासारखी एकमेकांवर बसतात. तिथे भुजा हत्तीच्या सोंडेसारखी खाली गुंडाळून एखाद्या फांदीला वेढे घालू शकते.

हे वर्गीकरण पाठ्यपुस्तकात फार नीटनेटके दिसते. निसर्गात ते तितके नीटनेटके नाही. सुरुवातीला उल्लेख केलेला ओफिओथेला या दुसऱ्या गटातला नव्हेच, तरीही तो समुद्री पंख्याच्या काडीला आपल्या भुजांचे वेढे घालूनच बसतो. सांध्याचा आकार दिशा सुचवतो, पण मणक्यांची लांबी, स्नायूंची मांडणी आणि चिलखतातल्या फटी यांचाही त्यात वाटा असतो.

काट्याचा आकडा कसा होतो

नुसते वेढे घालून पकड टिकत नाही, हे गुळगुळीत खांबावर ओला दोर बांधून पाहणाऱ्या कोणालाही समजेल. दोर घसरतो. म्हणून या प्राण्यांनी आपल्या काट्यांचे आकडे केले आहेत.

युरोपच्या किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या ‘ओफिओथ्रिक्स फ्रॅजिलिस’ या जातीत हे नीट पाहता येते. भुजेच्या बुडाशी काटे सरळ आणि लांब असतात, परंतु टोकाकडे जाताना सर्वांत खालचा काटा आखूड होऊन वाकतो आणि फांदी वाकवायच्या आकडीसारखा दिसू लागतो. त्याला काचेसारखे पारदर्शक दात असतात. एकाच अवयवाचे हे रूपांतर मला फार चतुर वाटते. अंगाभोवती कुंपण करणाऱ्या काट्यालाच जागा बदलताच पकडीचे काम लावले जाते. त्यासाठी नवीन अवयव घडवावा लागत नाही. हे आकडे मुख्यतः भुजेच्या टोकाकडे असतात, कारण आधार शोधत पुढे जाणारे आणि वेढा घालणारे तेच टोक असते.

हा आकडा कशाचा बनतो, हेही पाहण्यासारखे आहे. कंटकचर्मींचा सांगाडा कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाचा असतो. नैसर्गिक खडू ज्या पदार्थाचा, त्याच जातीचा हा पदार्थ. मग तो खडूसारखा मोडत का नाही? याचे कारण त्याची वीण आहे. सांगाड्याचा तुकडा आतून भरीव नसून स्पंजासारखा जाळीदार असतो आणि त्या जाळीच्या भोकांतून जिवंत ऊतक पसरलेले असते. एके ठिकाणी चीर पडली तरी ती पुढच्या भोकाशी अडते. आकड्याच्या दातांकडे मात्र जाळी दाट होत जाते आणि तिथला पदार्थ भरीव, काचेसारखा होतो; कारण टोकाला टणकपणाची गरज असते आणि बुडाला तग धरण्याची.

इंग्लिश खाडीत या ओफिओथ्रिक्सच्या अफाट वस्त्या आहेत, जिथे एका चौरस मीटरमध्ये हजाराहून अधिक प्राणी दाटीने राहतात. पाण्याचा प्रवाह मंद असतो तेव्हा ते भुजा वर करून वाहत्या पाण्यातले अन्नकण टिपतात. प्रवाहाने जोर धरला की भुजा खाली येतात आणि शेजाऱ्यांच्या भुजांत अडकतात, त्यामुळे सबंध वस्तीची एक विणलेली चटई होते. जमीन धरता आली नाही तर शेजारी धरायचा, असा हा हिशेब आहे. दहीहंडीच्या थरात खालची मंडळी एकमेकांच्या खांद्यात हात गुंतवतात, तेव्हा तीही हेच करत असतात.

आकड्यांची खरी कमाल टोपलीताऱ्यांत दिसते. उत्तरेकडील थंड समुद्रात राहणाऱ्या गॉर्गोनोसेफॅलस या टोपलीताऱ्याला ग्रीक पुराणातील सापांच्या केसांच्या राक्षसिणीचे नाव मिळाले आहे, आणि ते शोभतेही. त्याची प्रत्येक भुजा दोन फाटे फोडते, त्या फाट्यांना पुन्हा दोन फाटे फुटतात, आणि असे होत होत शेवटी धाग्यांसारख्या बारीक टोकांचे एक जाळे तयार होते. या फांद्यांवर सूक्ष्म आकड्यांचे पट्टे असतात. प्राणी एखाद्या उंच खडकावर किंवा प्रवाळावर बसतो, काही भुजांनी आधार धरतो आणि बाकीचे जाळे प्रवाहाच्या तोंडी पसरतो. कोळंबीसारखा दिसणारा क्रिल जाळ्याला धडकताच तिथली फांदी त्याच्याभोवती गुंडाळली जाते, आकडे रुततात आणि चिकट स्राव उरलेले काम करतो. कॅनडातील बे ऑफ फंडी या आखातात अभ्यासकांनी हे नेमके पाहिले आहे. शिकार तशीच गाठोड्यासारखी बांधून ठेवली जाते आणि सवडीने तोंडाशी आणली जाते. तिथे तोंडाभोवतीचे काटे कंगव्यासारखे काम करून तिला फांदीवरून विंचरून काढतात.

उष्ण समुद्रातील ओफिआरॅक्ना इन्क्रॅसाटा हा हिरवा भंगुरतारा आणखी वेगळी युक्ती करतो. तो चकती उचलून भुजांवर उभा राहतो आणि खाली सावलीची एक झोपडी तयार होते. निवारा समजून एखादा लहान मासा आत शिरला की भुजा पिळवटून मिटतात आणि झोपडीचा पिंजरा होतो. इथे आकड्यापेक्षा भुजांची मांडणीच सापळ्याचे काम करते.

‘पण हे सगळे शोषून चिकटतात ना?’

ही शंका हमखास येते, कारण तारामासा खडकाला ‘शोषून’ धरतो असे अनेकांनी शाळेत वाचलेले असते. कंटकचर्मींना पाण्याच्या दाबावर चालणारे असंख्य बारीक नळीदार पाय असतात. त्यांना नालपाद म्हणतात. तारामाशाच्या नालपादाच्या टोकाला चकती असते आणि ती स्नानगृहातल्या भिंतीवर दाबून बसवायच्या रबरी चकतीसारखी दिसते. दिसते म्हणून काम तसेच करते, असे गृहीत धरले गेले.

बेल्जियममधील माँस विद्यापीठातील पॅट्रिक फ्लामाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाला धक्का दिला. नालपाद निघून गेल्यावर खडकावर एक ठसा उरतो आणि तो रंग देऊन पाहता येतो. तो ठसा गोंदाचा असतो. चकतीत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक चिकटवणारा स्राव सोडते, दुसरी सोडवणारा. म्हणजे प्रत्येक पाऊल टाकताना गोंद आणि उचलताना गोंद सोडवण्याचे औषध, असा दुहेरी कारभार एकाच तळव्यात चालतो. तारामाशाला खडकावरून जोराने ओढले तर कित्येकदा नालपादाचे देठ तुटते, पण चकती खडकावरच राहते, हे यावरून उमगते. २०१२ साली या गटाने एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘कंटकचर्मी शोषत नाहीत’ अशा आशयाची कोटी केली आणि २०१४ मध्ये या गोंदातील एका मोठ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली.

भंगुरताऱ्याच्या नालपादाला तर अशी चकतीही नसते. ते नालपाद टोकदार असून मुख्यतः अन्नकण गोळा करणे, चाचपणे आणि वास घेणे या कामांसाठी वापरले जातात. म्हणून पकडीचा भार त्याला भुजांवर आणि आकड्यांवर टाकावा लागला. भाऊबंदांनी एकच अडचण वेगवेगळ्या मार्गांनी सोडवली, एकाने गोंदाने आणि दुसऱ्याने आकड्याने.

परजीवी समजले गेलेले चिमटे

तिसरा मार्ग समुद्री साळू आणि तारामासे यांचा आहे. त्यांच्या अंगावर, काट्यांच्या मधोमध, देठावर उभे असलेले सूक्ष्म चिमटे असतात. साळूच्या चिमट्याला सहसा तीन जबडे असतात, तारामाशाच्या चिमट्याला दोन. अठराव्या शतकात डेन्मार्कचे निसर्गअभ्यासक ओट्टो फ्रेडरिक म्यूलर यांनी ते पाहिले तेव्हा त्यांना ते साळूच्या अंगावर राहणारे परजीवी वाटले, आणि त्या ‘प्राण्यांना’ त्यांनी स्वतंत्र नावही देऊन टाकले. या चुकीला हसू नये, कारण हे चिमटे खरोखरच स्वतंत्र प्राण्यासारखे वागतात. काही टोचले की जवळचा चिमटा आपल्यापुरता निर्णय घेतो आणि मिटतो. उंदराच्या सापळ्याला घरमालकाची परवानगी लागत नाही, तसेच हे.

बहुतेक चिमट्यांचे काम अंगावर बसू पाहणाऱ्या अळ्या आणि कचरा हटवणे एवढेच असते. काही जातींनी मात्र त्यांना शस्त्र केले. फुलासारखा सुंदर दिसणारा टॉक्सोप्न्यूस्टेस पिलेओलस हा साळू आपल्या पसरट, विषारी चिमट्यांमुळे माणसालाही धोकादायक ठरतो. उष्ण समुद्रात पोहताना फुले वेचण्याचा मोह आवरावा. ट्रिप्न्यूस्टेस ग्राटिला हा साळू संकटात चिमटे अंगापासून सुटे करून पाण्यात त्यांचा ढगच सोडतो. अंटार्क्टिकाजवळचा लॅबिडिआस्टर हा अनेक भुजांचा तारामासा तर भुजा पाण्यात वर उगारतो आणि त्यांवरील चिमट्यांनी क्रिल पकडतो. खोल समुद्रातील ब्रिसिंगिड तारामाशांच्या काट्यांवर चिमट्यांचे इतके दाट लोकर असते की त्याला व्हेल्क्रोच्या पट्टीची उपमा देतात. आपल्याकडे आघाड्याची फळे धोतराला जशी लागतात, तसे समुद्रातले जीव त्यांच्या काट्यांना लागतात.

‘इतका वेळ धरून स्नायू थकत नाहीत का?’

या प्रश्नाच्या उत्तरात मला या विषयाचा गाभा दिसतो. एसटीच्या गर्दीत वरचा दांडा धरून तासभर उभे राहिलेल्या माणसाला विचारा. बोटे आखडतात, हात भरून येतो. स्नायू आखडलेला ठेवायला सतत इंधन लागते. मग प्रवाहात महिनोन्‌महिने एकाच फांदीला वेढा घालून बसणाऱ्या सर्पताऱ्याला हे कसे परवडते?

उत्तर असे की पकड घेण्यासाठी तो स्नायू वापरतो, पण पकड टिकवण्याचे काम पुष्कळ अंशी दुसऱ्याच गोष्टीवर सोपवतो. ही गोष्ट म्हणजे कंटकचर्मींचे संयोजी ऊतक. हाडाला हाड, कातडीला मांस जोडून ठेवणाऱ्या तंतुमय भागाला संयोजी ऊतक म्हणतात. आपल्या गुडघ्यातील अस्थिबंध हे त्याचे उदाहरण. आपल्या अस्थिबंधाचा ताठरपणा आपल्या इच्छेने बदलत नाही. कंटकचर्मींचा बदलतो, तोही काही सेकंदांत किंवा मिनिटांत, आणि त्यांच्या मज्जातंतूंच्या हुकमाने.

हे कसे घडते ते समजण्यासाठी काथ्याची दोरी घ्या. नारळाच्या सोडणातील एक तंतू जेमतेम वीतभर असतो, तरीही त्याची कितीही लांब दोरी वळता येते, कारण पीळ दिल्यावर तंतू एकमेकांवर घासून अडकतात. दोरीचे बळ तंतूंच्या लांबीत जितके असते त्याहून अधिक त्या अडकण्यात असते. पीळ उलगडा, तंतू सुटे होतात. कंटकचर्मींच्या या ऊतकात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असेच आखूड, दोन्ही टोकांना निमुळते तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये एक भरण असते. शेजारच्या विशिष्ट पेशींनी आपल्यातील रसायने सोडली की त्या भरणातील दुवे घट्ट होतात किंवा सैल पडतात. दुवे घट्ट असताना ऊतक लाकडासारखे ताठ राहते, आणि ते सैल पडले की लोण्यासारखे मऊ होते. जपानचे तात्सुओ मोतोकावा यांनी समुद्री काकडीच्या कातडीवर यासंबंधी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या गटाच्या मापनात अशा ऊतकाचा प्राणवायूचा खर्च स्नायूंच्या मानाने फारच थोडा आढळला.

घराचे दार हाताने लोटून धरण्याऐवजी कडी लावावी, असा हा व्यवहार आहे. कडी लावताना एकदा हात हलवावा लागतो. नंतर कडीला दमणे माहीत नसते.

समुद्री साळू हीच युक्ती काट्याच्या बुडाशी वापरतो. खडकाच्या कपारीत शिरून तो काटे पसरतो आणि प्रत्येक काट्याच्या सांध्याभोवतीचे ऊतक ताठ करतो. मग त्याला बाहेर ओढणाऱ्याच्या हातात बहुधा तुटलेले काटेच येतात. पिच्छताऱ्याची कथा याहून चमत्कारिक आहे. तो ज्या बोटांसारख्या, टोकाला नखी असलेल्या अवयवांनी खडक धरतो, त्यांत स्नायू नसतातच. स्नायू नाहीत तर ती बोटे मिटतात कशी, हे कोडे बराच काळ होते. १९९० च्या दशकात मोतोकावा आणि त्यांचे सहकारी बिरेनहाइडे यांनी कंटकचर्मींच्या या शाखेत स्वतः आकुंचन पावणारे संयोजी ऊतक असल्याचे दाखवून दिले.

‘मग सोडायचे कसे?’

सुरईत हात घालून फुटाण्यांची मूठ भरलेल्या आणि ती सोडता न आल्यामुळे पकडल्या गेलेल्या माकडाची गोष्ट आपण ऐकली आहे. धरणाऱ्या प्रत्येक यंत्रणेपुढे हा प्रश्न असतोच. नालपादाचे उत्तर सोडवणाऱ्या स्रावात आहे. आकड्याचे उत्तर त्याच्या दिशेत आहे. आघाड्याचे फळ ओढून निघत नसेल तर उलट बाजूला ढकलल्यास निघते, तसाच आकडाही वेढा ज्या दिशेने घातला तिच्या उलट उलगडला की सुटतो. म्हणूनच या प्राण्याला ओढून काढणे व्यर्थ असते. ओढणे म्हणजे आकडे आणखी रुतवणे.

आणि अगदीच नाइलाज झाला तर तो भुजाच सोडून देतो. दोन मणक्यांमधील जे ऊतक ताठ होऊन पकड टिकवते, त्याच जातीचे ऊतक एकाएकी मऊ पडते आणि भुजा तिथून निखळते. तुटलेला तुकडा काही वेळ वळवळत राहतो, शत्रूचे लक्ष तिकडे जाते आणि मालक निसटतो. नंतर नवी भुजा फुटते. ‘भंगुर’ या नावात दुबळेपणाचा सूर आहे, तो अन्यायाचा आहे. हे मोडणे ठरवून केलेले असते. ओफिओथेला याच्याही पुढे जातो. त्याची चकतीच दुभंगते, तीन-तीन भुजांचे दोन प्राणी होतात आणि प्रत्येकाला उरलेल्या भुजा नव्याने येतात. नव्या समुद्रात पोहोचलेला एकटा प्राणीही त्यामुळे वसाहत करू शकतो. अटलांटिकमधील त्याच्या पसरण्याचे अर्धे श्रेय पकडीचे असेल, तर उरलेले या दुभंगण्याचे.

ज्याला धरले त्याचे काय?

दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. वायव्य अटलांटिकमधील समुद्राखालच्या पर्वतांवर, हजार मीटरहून अधिक खोलीत, मेटॅलोगॉर्जिया नावाचे प्रवाळ वाढते आणि त्याच्या फांद्यांत ओफिओक्रियास इडिपस हा सर्पतारा राहतो. एका झाडावर एकच सर्पतारा, आणि लहान झाडावर लहान, मोठ्या झाडावर मोठा, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यावरून बाळपणी एकत्र आलेली जोडी आयुष्यभर एकत्र वाढते, असा निष्कर्ष निघतो. भाडेकरू बदलत नाही, घरही बदलत नाही.

हा भाडेकरू केवळ फुकटा असतो का? मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट झाला आणि समुद्रतळाशी अफाट तेल सांडले. त्या आपत्तीत गाळ आणि तेलाच्या थराखाली सापडलेल्या समुद्री पंख्यांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला. ज्या फांद्यांवर अॅस्टेरोस्केमा क्लॅव्हिगेरम हा सर्पतारा वेढे घालून होता, त्या फांद्यांची हानी तुलनेने कमी होती आणि त्या लवकर सावरल्या. फिरत्या भुजांनी अंगावर बसलेला गाळ झाडला गेला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. घट्ट धरून बसणाऱ्याला फांदी स्वच्छ ठेवण्यात स्वार्थ आहे, आणि तो स्वार्थ फांदीच्या पथ्यावर पडला.

ओफिओथेलाविषयी एवढे निर्धास्त राहता येत नाही. तो यजमानाचे मांस खात नाही, पण एका पंख्यावर शेकड्यांनी दाटी झाली तर अन्नकण टिपणाऱ्या यजमानाच्या तोंडचा घास कमी होण्याची शक्यता उरते. ज्या यजमानाला त्याची सवय नाही, तिथे जुन्या सोबतीचे नियम लागू होत नाहीत.

माणसाला याचे काय?

अशा लेखाखाली हा प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात उत्तर देतो. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली समुद्री काकडीच्या कातडीवरून एक कृत्रिम पदार्थ बनवला. कोरडा असताना तो ताठ असतो आणि ओलावा मिळाला की मऊ होतो. मेंदूत बसवायच्या विद्युतअग्रांसाठी (इलेक्ट्रोडसाठी) तो सोयीचा ठरू शकतो, कारण आत घालताना ते ताठ हवे आणि आत गेल्यावर मेंदूला न खुपणारे मऊ हवे. २०१७ मध्ये जपानमधील तोहोकु विद्यापीठातील एका गटाने भंगुरताऱ्यासारखा यंत्रमानव तयार केला, जो भुजा तुटल्यावरही उरलेल्या भुजांनी लगेच चाल जुळवून घेतो. ओल्या पृष्ठभागाला चिकटणारा आणि हवा तेव्हा सुटणारा गोंद हे शल्यचिकित्सकांचे जुने स्वप्न आहे आणि नालपादांवरील संशोधनामागे तेही एक कारण आहे.

आपल्याकडे या विषयाचा संबंध दुर्दैवाने वेगळ्याच बाजाराशी येतो. वास्तुदोष घालवण्यासाठी ‘इंद्रजाल’ या नावाने काचेच्या चौकटीत बसवून विकली जाणारी काळी जाळी ही कोणती वनस्पती नव्हे. ती समुद्री पंख्याची किंवा काळ्या प्रवाळाची सुकलेली वसाहत असते. त्याच दुकानांत ‘हातजोडी’ या नावाने मिळणारे ‘मूळ’ घोरपडीच्या नराच्या शरीराचा भाग असते. ज्या घोरपडीच्या पकडीच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, तिची ही गत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड आणि समुद्री पंखा या दोघांचाही व्यापार गुन्हा ठरवला आहे. पंखा उपटला जातो तेव्हा त्यावरचा बारीक भंगुरतारा कोणी मोजत नाही. संग्रहालयांतील जुन्या, सुकलेल्या समुद्री पंख्यांचे नमुने भिंगाखाली धरले, तर त्यांच्या काड्यांभोवती अशा भंगुरताऱ्यांचे वेढे कित्येकदा तसेच सापडतात. प्राणी मरून दशके लोटलेली असतात, आणि आकडे मात्र अजून रुतलेले असतात.